डील्स-आल्डर: अँथ्रासीन + मॅलेइक ॲनहायड्राइड, बेळगावच्या पावसाळी हवेत चालेल अशी कृती

मार्कंडेय_काठ

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला किंवा एमएस्सीला डील्स-आल्डर (दोन दुहेरी बंधांचा रेणू आणि एक दुहेरी बंधाचा रेणू जुळून सहा अणूंचं वलय बनण्याची अभिक्रिया) म्हटलं की बहुतेक ठिकाणी हाच प्रयोग घेतात. पुस्तकातली कृती कोरड्या हवेतल्या आणि समुद्रसपाटीच्या आसपासच्या प्रयोगशाळेची असते. आपल्याकडे जुलैत मॅलेइक ॲनहायड्राइडची बाटली उघडी राहिली की ते पाणी ओढतं, आणि गाव साडेसातशे मीटरवर. इथल्या हवेला जुळवून कृती लिहितोय. खटकेल तिथे टोका.

अँथ्रासीन २.० ग्रॅम म्हणजे ११.२ मिलिमोल. मॅलेइक ॲनहायड्राइड १.१ ग्रॅम, तेही ११.२ मिलिमोल. कोरडं झायलीन २५ मिली. हे सगळं कोरड्या १०० मिलीच्या राउंड बॉटम फ्लास्कमध्ये, पोर्सिलेनचे दोन-तीन तुकडे टाकून. वर पाण्याचा कंडेन्सर, त्याच्या तोंडाला कॅल्शियम क्लोराईडची गार्ड ट्यूब. तापवायला फक्त हीटिंग मँटल. बर्नर नको, झायलीनची वाफ पंचवीस-तीस अंशांपासूनच पेट घेण्याजोगी असते.

सुरुवातीची दहा मिनिटं फ्लास्क अधूनमधून हलवत राहायचं, कारण अँथ्रासीन सावकाश विरघळतं. दोन्ही द्रावणात आले की द्रावण पिवळं दिसतं. डाईन (दोन दुहेरी बंधांचा रेणू, इथे अँथ्रासीन) आणि डाईनोफाइल (त्याला जोडला जाणारा, इथे मॅलेइक ॲनहायड्राइड) एकमेकांजवळ येऊन इलेक्ट्रॉनची थोडी देवाणघेवाण करतात, त्या संकुलाचा हा रंग. अभिक्रिया पुढे सरकते तसा तो फिका होतो. पुस्तकात २० मिनिटं रिफ्लक्स (वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये येईल असं उकळणं) दिलेलं असतं, इथे ३० ठेवा.

नंतर उकळणं थांबू द्या, मगच ०.५ ग्रॅम चारकोल घाला. उकळत्या द्रावणात चारकोल टाकलं तर सगळं उसळून कंडेन्सरमध्ये जातं. पुन्हा पाच मिनिटं उकळून गरम असतानाच गाळा. थंड झाल्यावर स्फटिक बुकनरवर घ्या, दोन-तीन मिली गार झायलीनने धुवा. सैद्धांतिक उत्पादन ३.१० ग्रॅम, नीट काम झालं तर २.२ ग्रॅमच्या आसपास हाती येतं, म्हणजे साधारण ७१ टक्के. द्रवणांक २६२ ते २६३, विघटनासह.

निपाणी_नाका

सर, तीन शंका. एक, रिफ्लक्सच्या वेळी वाफेचं तापमान १३५ च्या वर जात नाही, बाटलीवर १३७ ते १४४ लिहिलंय. झायलीनमध्ये भेसळ असते का? दोन, बॅचमध्ये बहुतेकांचा द्रवणांक २५४-२५६ येतो. तीन, उत्पादन दीड ग्रॅमच्या आत राहतं.

खानापूर_घाट

पहिल्या शंकेचं उत्तर हवेच्या दाबात आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून अंदाजे ७५० मीटरवर, म्हणजे दाब ९२-९३ किलोपास्कल, पाऱ्याच्या भाषेत ६९५ मिमी. झायलीनच्या बाबतीत दर मिमी दाबाला उत्कलनबिंदू ०.०५ अंशाच्या आसपास सरकतो. ६५ मिमी कमी झाले की सव्वातीन अंश गेले. पॅरा-झायलीन १३८.४ ला उकळतं, मेटा १३९.१ ला, ऑर्थो १४४.४ ला, आणि बाजारच्या झायलीनमध्ये १३६ ला उकळणारं एथिलबेंझिन बऱ्यापैकी असतं. त्या मिश्रणाला बेळगावात १३५ दिसलं तर झायलीन चांगलं आहे.

मोबाईलवरच्या हवामानाच्या ॲपमधला दाब मात्र घेऊ नका. ॲप १०१० वगैरे दाखवतं तो समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला आकडा असतो. प्रयोगशाळेतला बॅरोमीटर वाचा, नाहीतर साधं पाणी उकळून बघा की, ९७.५ च्या जवळ उकळेल.

तीन-चार अंश कमी म्हणजे वेग वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी. मार्कंडेय सरांनी २० ची ३० मिनिटं केली ती यासाठीच. निपाणी-चिकोडीला उंची थोडी कमी, तिथे फरक किंचित कमी पडेल, पण ३० मिनिटं उकळल्याने काही बिघडत नाही.

अभिक्रिया_अक्का

दुसऱ्या शंकेबद्दल. २५४-२५६ हा आकडा सरळ नापास करायचा नाही. थर्मामीटर कसा लावलाय ते आधी बघायचं. पाऱ्याच्या बहुतेक थर्मामीटरचा आकडा पूर्ण दांडा बुडवून ठरवलेला असतो, आणि आपण थीलच्या नळीत (तेल भरून द्रवणांक घ्यायची काचेची नळी) ४० च्या खुणेपर्यंतच बुडवतो. बाहेर राहिलेल्या पाऱ्यासाठी दुरुस्ती धरावी लागते:

दुरुस्ती = ०.०००१६ × बाहेर राहिलेले अंश × (वाचलेलं तापमान − बाहेरच्या दांड्याचं सरासरी तापमान)

वाचन २५५, बाहेर २१५ अंश, दांड्याचं सरासरी तापमान ५५. गुणाकार केला की ६.९ येतो, म्हणजे खरा द्रवणांक २६२. पोरांनी चांगला पदार्थ केलेला असतो आणि वहीत 'अशुद्ध' म्हणून शेरा पडतो. ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक ब्लॉक आहे त्यांनी आधी माहीत असलेल्या पदार्थावर तो तपासून घ्यावा. अँथ्रासीन स्वतःच २१६ ला वितळतं, हाताशी आहे, तेच वापरा.

आणि थीलच्या नळीत लिक्विड पॅराफिन असेल तर हा द्रवणांक घ्यायचाच नाही. दोनशेच्या पुढे पॅराफिनचा धूर निघायला लागतो, अडीचशेपर्यंत नेलं तर पेटू शकतं. ब्लॉक नसेल तर टीएलसीवर (सिलिकाच्या पट्टीवर घटक वेगळे करून बघण्यावर) भागवा, द्रवणांकाचा हट्ट सोडा.

मार्कंडेय_काठ

अक्का, हे कृतीत घालायलाच हवं. वाचनाचा आणखी एक मुद्दा आहे. पदार्थ वितळता वितळता मागे फिरतो, म्हणजे अँथ्रासीन आणि मॅलेइक ॲनहायड्राइड पुन्हा सुटे व्हायला लागतात. म्हणून केशनळी सुरुवातीपासून आत ठेवून हळूहळू तापवत बसलं तर आकडा खाली घसरतो. ब्लॉक २४० ला नेऊन मग नळी घाला, आणि मिनिटाला दोन अंशांनी वाढवा.

खानापूर_घाट

तिसरी शंका, उत्पादन. दीड ग्रॅम म्हणजे निम्म्याहून कमी. अभिक्रियेत एवढं सहसा जात नाही, मधल्या हाताळणीत जातं. कारणं माझ्या मते या क्रमाने.

गरम गाळताना फनेलमध्येच स्फटिक अडकतात, हे सगळ्यात मोठं. ॲडक्ट (जोड होऊन बनलेला पदार्थ) गरम झायलीनमध्ये विरघळतो, थंडीत फारच कमी. काचेचं फनेल गार असेल, त्यात पावसाळी हवा बावीस-तेवीस अंशांची, तर कागदावरच साका बसतो. फनेल ओव्हनमध्ये १०० अंशांवर तापवून घ्या, दांडा आखूड हवा, कागद चुण्या घातलेला, आणि आधी चार-पाच मिली उकळतं झायलीन त्यावरून सोडा. अँथ्रासीन चांगल्या प्रतीचं असेल आणि द्रावण स्वच्छ असेल तर चारकोल आणि गरम गाळणी दोन्ही वगळा. त्यानेच उत्पादन चटकन वाढतं.

दुसरं, मॅलेइक ॲनहायड्राइड उडून जातं. ते ५२-५३ ला वितळतं आणि २०२ ला उकळतं, पण झायलीनच्या वाफेबरोबर वर चढून कंडेन्सरच्या गळ्यात पांढऱ्या सुया धरतं. मँटल पूर्ण ठेवून धडाधड उकळलं की हे होतं. सुया दिसल्या तर फ्लास्क थोडा हलवून परतणाऱ्या झायलीनने त्या खाली धुवून घ्या. वाफेचं कडं कंडेन्सरच्या खालच्या तिसऱ्या भागातच राहील इतकीच आच द्या.

तिसरं, पाणी.

अभिक्रिया_अक्का

पाण्याचं मी सांगते, कारण पावसाळ्यातला निम्मा घोळ त्याचाच.

मॅलेइक ॲनहायड्राइडला पाणी लागलं की मॅलेइक आम्ल. ते झायलीनमध्ये जवळपास विरघळत नाही, तळाशी बसतं, आणि डाईनोफाइल म्हणून ॲनहायड्राइडच्या मानाने मंद. तुम्ही १.१ ग्रॅम तोललं तरी त्यातलं ॲनहायड्राइड ०.८ असेल तर अँथ्रासीन उरणार, आणि ते थंड होताना ॲडक्टबरोबरच खाली येणार. बाटलीतले खडे वरून पिठूळ दिसत असतील तर वरचा थर खरवडून बाजूला करा आणि आतला काचेसारखा भाग घ्या. शंका असेल तर थोडं गरम क्लोरोफॉर्ममध्ये टाकून बघा: ॲनहायड्राइड विरघळतं, आम्ल राहतं. गाळून क्लोरोफॉर्म उडवला की शुद्ध माल हाती येतो. तोलताना पंखा बंद, हातमोजे आणि गॉगल घालून, जमलं तर फ्यूम हूडमध्ये. याची धूळ नाकात गेली तर दम्यासारखी ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की पुढे थोड्याशा धुळीनेही त्रास होतो.

झायलीन कोरडं करायला सोडियम लागत नाही. साध्या डिस्टिलेशनला लावा, पहिला दहा टक्के भाग गढूळ येतो तो पाणी घेऊन येतो. तो बाजूला काढायचा, पुढचं स्वच्छ झायलीन ४ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या बारीक गोळ्यांवर) ठेवायचं. सीव्ह ओव्हनमध्ये २५० अंशांवर तापवलेली हवी. पाकिटातून काढून तशीच टाकली तर आपल्या हवेत ती आधीच पाणी पिऊन बसलेली असते. पेंटच्या दुकानातला थिनर झायलीन म्हणून चालवायचा नाही. त्यात एस्टर आणि अल्कोहोल असतं, आणि अल्कोहोल ॲनहायड्राइड उघडून अर्ध-एस्टर करतं. त्याच कारणाने ॲडक्टचं पुनःस्फटिकीकरण स्पिरिटमधून करायचं नाही, झायलीनमधूनच.

चिकोडी_रोड

मॅडम, द्रवणांक घ्यायला ब्लॉक नसेल तर टीएलसी कशी करायची? आमच्याकडे यूव्ही कॅबिनेट बिघडलेलं असतं.

अभिक्रिया_अक्का

नोटा तपासायचा ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च मिळतो, तो पुरतो. सिलिकाच्या पट्टीवर हेक्झेन ४ भाग, एथिल ॲसिटेट १ भाग. अँथ्रासीन विद्रावकाच्या कडेजवळ पळतं आणि टॉर्चखाली निळं-जांभळं चमकतं. ॲडक्ट मागे राहतो आणि चमकत नाही, कारण मधलं वलय तुटून दोन सुटी बेंझिन वलयं उरलेली असतात. म्हणजे नमुन्याच्या रेषेत वर निळा ठिपका दिसला तर अँथ्रासीन शिल्लक आहे. ॲडक्ट बघायला २५४ चा दिवा आणि फ्लुओरेसेंट पट्टी लागते, नाहीतर आयोडीनची बरणी. ॲनहायड्राइड सिलिकावर थोडी शेपूट सोडतं, त्याने घाबरू नका.

स्वस्तातलं अँथ्रासीन टॉर्चखाली हिरवट-पिवळं चमकतं. त्यात टेट्रासीनचा अंश असतो. टेट्रासीन अँथ्रासीनपेक्षा लवकर डील्स-आल्डर देतं, त्यामुळे रिफ्लक्समध्ये आधी ती हिरवट झाक जाते आणि नंतर निळं कमी होतं. बघायला मजा येते.

टिळकवाडी_३

कृती छान चाललीय, पण तोंडी परीक्षेत यावरच जे विचारतात तेही इथे असू दे.

अँथ्रासीनमध्ये ९ आणि १० हीच जागा का? अनुनाद ऊर्जेचे (वलयामुळे मिळणाऱ्या जादा स्थिरतेचे) ढोबळ आकडे घ्या: बेंझिन ३६, नॅप्थलीन ६१, अँथ्रासीन ८४ किलोकॅलरी प्रतिमोल. ९,१० वर जोड झाली की दोन बेंझिन उरतात, ७२. तोटा १२. तीच जोड १,४ वर झाली तर नॅप्थलीन उरतं, ६१, तोटा २३. बेंझिनने स्वतः डाईन व्हायचं तर सगळे ३६ गमावायचे, म्हणून ते झायलीनसारखंच बाजूला राहतं. नाहीतर विद्रावकच अभिक्रियेत उतरला असता! फिनँथ्रीनही तीन वलयांचंच, पण त्यात वाकून बसणारं असं डाईन नाही, ते मॅलेइक ॲनहायड्राइडला दाद देत नाही.

दुसरा, हमखास फसवणारा प्रश्न: हा ॲडक्ट एंडो (ॲनहायड्राइड दुहेरी बंधाच्या बाजूला झुकलेलं) की एक्झो (पुलाच्या बाजूला झुकलेलं)? दोन्ही नाही. ॲनहायड्राइडचं वलय डावीकडे झुकलं तरी समोर बेंझिन, उजवीकडे झुकलं तरी बेंझिन. रेणू एकच. एंडो-एक्झोचा भेद सायक्लोपेंटाडाईन किंवा फ्युरानमध्ये येतो, जिथे ॲडक्टच्या एका बाजूला दुहेरी बंध असतो आणि दुसऱ्या बाजूला कार्बनचा किंवा ऑक्सिजनचा पूल.

निपाणी_नाका

सर, मग (ई,ई)-२,४-हेक्झाडाईन + मॅलेइक ॲनहायड्राइड यात चारही गट एकाच बाजूला कसे येतात? गाईडमध्ये नुसतं उत्तर आहे.

टिळकवाडी_३

कागदावर असं काढा. डाईन एस-सिस मांडा, म्हणजे मधल्या एकेरी बंधाच्या एकाच बाजूला दोन्ही दुहेरी बंध. (ई,ई) असल्यामुळे दोन्ही मेथिल बाहेरच्या बाजूला आणि दोन्ही हायड्रोजन आत. डाईनोफाइल खालून येतो. टोकाचे कार्बन आपली पी-ऑर्बिटल खाली वळवतात तेव्हा बाहेरचे गट दोन्ही एकाच दिशेला फिरतात, आतले दोन्ही दुसऱ्या दिशेला. म्हणून मेथिल-मेथिल सिस, म्हणजे एकाच बाजूला. ॲनहायड्राइड सिसच होतं, ते सिसच राहतं, कारण दोन्ही बंध एकाच टप्प्यात बनतात, मध्ये फिरायला वेळ नाही. आता उरतं ते दोन जोड्यांचं आपसातलं नातं. एंडो मांडणीत कार्बोनिल डाईनच्या पोटाखाली असतात, आणि त्या मांडणीत बाहेरचे गट एंडो गटांच्या सिस बाजूला जातात. झाले चारही सिस.

(झेड,झेड) असेल तर मेथिल आतल्या बाजूला एकमेकांवर आदळतात, एस-सिस मांडणीच जमत नाही, अभिक्रिया रखडते. साध्या बुटाडाईनमध्येही एस-ट्रान्स मांडणी एस-सिसपेक्षा सुमारे ३ किलोकॅलरीने स्थिर असते. सायक्लोपेंटाडाईन कायमचं एस-सिसमध्ये बांधलेलं, म्हणून ते एवढं तरतरीत.

विरुद्ध टोकाचं उदाहरण: बुटाडाईन आणि साधं एथिलीन. इलेक्ट्रॉन ओढून घेणारा गट कुठेच नाही, डाईनच्या भरलेल्या ऑर्बिटलमध्ये आणि डाईनोफाइलच्या रिकाम्या ऑर्बिटलमध्ये अंतर मोठं. म्हणून १६५ अंश आणि ९०० वातावरण दाब, सतरा तास. मॅलेइक ॲनहायड्राइडच्या दोन कार्बोनिलनी ती रिकामी ऑर्बिटल खाली खेचली की तेच काम उकळत्या झायलीनमध्ये अर्ध्या तासात.

हिडकल_बॅकवॉटर

मग अर्धा तास तरी कशाला? येट्स आणि ईटन यांचं १९६० चं काम बघा. अँथ्रासीन आणि मॅलेइक ॲनहायड्राइड हीच जोडी, डायक्लोरोमीथेनमध्ये, एक मोल प्रमाणात निर्जल ॲल्युमिनियम क्लोराईड. खोलीच्या तापमानाला दीड मिनिटात अभिक्रिया जवळजवळ पूर्ण. त्याशिवाय त्याच तापमानाला ४८०० तासांचा अंदाज त्यांनी दिला होता. ॲल्युमिनियम कार्बोनिलच्या ऑक्सिजनला धरतो आणि डाईनोफाइलची रिकामी ऑर्बिटल आणखी खाली येते. २ ग्रॅम अँथ्रासीनसाठी १.५ ग्रॅम क्लोराईड. मँटल नको, झायलीन नको.

अभिक्रिया_अक्का

हिडकल अण्णा, कागदावर सुंदर आहे. पण पदवीच्या तीस पोरांच्या बॅचला जुलैत निर्जल ॲल्युमिनियम क्लोराईड तोलायला देणार का? बाटलीचं झाकण काढलं की हायड्रोजन क्लोराईडचा धूर, तोलेपर्यंत पावडर ओली, आणि ओलं क्लोराईड काम करत नाही. शेवटी ते सगळं बर्फ आणि हायड्रोक्लोरिक आम्लावर ओतून विझवायचं, त्यात ॲनहायड्राइडचा काही भाग उघडतो. डायक्लोरोमीथेन समुद्रसपाटीला ४० ला उकळतं, आपल्याकडे ३७ च्या आसपास. एमएस्सीला, हूडमध्ये, डेमो म्हणून एकाने करून दाखवावं. सगळ्यांसाठी झायलीनच बरं.

हिडकल_बॅकवॉटर

होय की, डेमो म्हणूनच म्हणतोय. एकाच बाकावर दोन फ्लास्क ठेवले, एकात क्लोराईड घातलं आणि एकात नाही, की लुइस आम्ल (इलेक्ट्रॉनची जोडी घेणारा पदार्थ, इथे ॲल्युमिनियम क्लोराईड) म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दिशेवरचा परिणाम सांगायलाही आकडे आहेत. आयसोप्रीन आणि मेथिल ॲक्रिलेट नुसतं १२० अंशांवर तापवलं तर 'पॅरा' (दोन गट समोरासमोर) आणि 'मेटा' (दोन गट एकाआड एक) उत्पादन ७०:३०. ॲल्युमिनियम क्लोराईड घालून थंडीत केलं तर ९५:५. वेग वाढतोच, वर निवडही सुधारते.

चिकोडी_रोड

सायक्लोपेंटाडाईन घेऊन केलं तर तापवावंच लागत नाही ना? मग सगळीकडे तेच का करत नाहीत?

मार्कंडेय_काठ

कारण सायक्लोपेंटाडाईन बाटलीत मिळत नाही. ते स्वतःशीच डील्स-आल्डर करून डायमर होतं. खोलीच्या तापमानाला चार तासांत ८ टक्के, चोवीस तासांत निम्मं. बाजारात डायसायक्लोपेंटाडाईन मिळतं, ते १७० च्या आसपास उकळतं आणि त्या तापमानाला पुन्हा तुटतं. हीच उलटी डील्स-आल्डर.

२० मिली डायमर, वर व्हिग्रो कॉलम (आत टोचे असलेली काचेची उभी नळी), आणि ग्राहक फ्लास्क बर्फात, आत चिमूटभर कॅल्शियम क्लोराईड. डोक्यावरचं तापमान पुस्तकात ४१-४२, आपल्याकडे ३९ दिसेल. ४५ च्या वर गेलं तर डायमर न तुटताच वर येतोय, आच कमी करा. फ्लास्क कोरडा होईपर्यंत ओढू नका, तळाशी डांबरासारखं उरतं ते काढताना नाकी नऊ येतात. वास उग्र आहे, हूड नसेल तर हा प्रयोग विसरा. एप्रिल-मेमध्ये बाहेर ३६-३७ असताना मोनोमर बर्फाबाहेर ठेवलात तर तो उकळायच्या बेतातच असतो.

अभिक्रिया मात्र देखणी. मॅलेइक ॲनहायड्राइड ६ ग्रॅम २० मिली एथिल ॲसिटेटमध्ये कोमट करून विरघळवा, मग ६०-९० अंशांत उकळणारं पेट्रोलियम ईथर २० मिली, बर्फात थंड करा, काही स्फटिक परत आले तरी चालतील. त्यात ६ मिली ताजं सायक्लोपेंटाडाईन घालून फिरवा. उष्णता निघते, आणि थोड्या वेळात पांढरा एंडो ॲडक्ट बसतो. पुन्हा कोमट करून विरघळवून न हलवता ठेवला तर लांब सुया मिळतात. द्रवणांक १६४-१६५, तेलाच्या साध्या बाथमध्ये जमतो. सैद्धांतिक उत्पादन १० ग्रॅम. हाच एंडो १९० च्या वर तापवून ठेवला की एक्झोचं मिश्रण होतं.

निपाणी_नाका

फ्युरान चालेल का? फाउंड्रीत फ्युरान वापरतात ना, उद्यमबागेतून (बेळगावची औद्योगिक वसाहत) मागता येईल.

खानापूर_घाट

नाही नाही. फाउंड्रीत वाळू बांधायला येतो तो फर्फ्युरिल अल्कोहोलचा रेझिन. आम्ल लागलं की तो दगड होतो. त्यात आपल्याला हवं ते फ्युरान नाही. मुळाशी मात्र दोन्ही आपल्या भागातल्या साखर कारखान्यांबाहेर पडलेल्या चिपाडासारख्याच मालापर्यंत नेऊन पोचवता येतात: चिपाडातल्या पेंटोजपासून फर्फ्युराल, आणि त्यापासून पुढे दोन्ही.

बाटलीतलं फ्युरान ३१ ला उकळतं, फ्रिजमध्येच ठेवायचं. जुनी बाटली असेल तर पेरॉक्साइड तपासल्याशिवाय हात लावू नका. मॅलेइक ॲनहायड्राइड २.० ग्रॅम कमीत कमी एथिल ॲसिटेटमध्ये, त्यात १.५ मिली फ्युरान, घट्ट बूच, आणि एक-दोन दिवस बाजूला. मँटल, कंडेन्सर काही नको. ज्या कॉलेजात हूड एकच आहे तिथे मी हाच प्रयोग सुचवेन. सैद्धांतिक उत्पादन ३.४ ग्रॅम.

इथे मिळतो तो एक्झो. एंडो लवकर बनतो, पण फ्युरानचा ॲडक्ट खोलीच्या तापमानालाही मागे फिरतो. बनतो, सुटतो, पुन्हा बनतो, आणि शेवटी जास्त स्थिर एक्झो साठत जातो. म्हणून पुनःस्फटिकीकरणासाठी उकळायचं नाही. तापवलात की फ्युरान उडून जातं आणि हाती मॅलेइक ॲनहायड्राइड राहतं. द्रवणांकही तसाच, ११५ च्या आसपास विघटन होत होत.

हिडकल_बॅकवॉटर

बुटाडाईन हवं असेल तर ३-सल्फोलीन. १० ग्रॅम सल्फोलीन, ६ ग्रॅम मॅलेइक ॲनहायड्राइड, फक्त ४ मिली झायलीन. आधी सगळं विरघळेपर्यंत हलकी आच, मग अर्धा तास रिफ्लक्स. जागच्या जागी बुटाडाईन सुटतं आणि लगेच पकडलं जातं. द्रवणांक १०३-१०४.

अभिक्रिया_अक्का

आणि बरोबर सल्फर डायऑक्साइड सुटतो तो कुणी पकडायचा? १० ग्रॅम सल्फोलीन म्हणजे ८५ मिलिमोल, आपल्या दाबाला सव्वादोन लिटर वायू. दहा जणांनी एकदम केलं तर बावीस लिटर, बंद खिडक्यांच्या पावसाळी खोलीत. करायचंच असेल तर प्रत्येक सेटला १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचं १०० मिलीचं पात्र, आणि नळीच्या टोकाला उलटं फनेल जेमतेम पृष्ठभागाला टेकलेलं. नळी बुडवून ठेवलीत तर आच कमी होताच अल्कली उलटी फ्लास्कमध्ये ओढली जाते, गरम झायलीनवर पाणी. दम्याचा त्रास असलेल्या विद्यार्थ्याला त्या दिवशी दुसरं काम द्या.

निपाणी_नाका

अक्का, करंट गेला तर? रिफ्लक्स मध्येच थांबलं तर माल वाया जातो का?

अभिक्रिया_अक्का

माल जात नाही. अभिक्रिया थबकते, थंड झालं तर स्फटिक बसतात, परत तापवलं की विरघळतात. दोन गोष्टी मात्र बघा. उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं की आपण बादली आणि कूलरच्या पंपावर कंडेन्सर चालवतो. करंट गेला की पंप थांबतो, पण मँटल पुढची काही मिनिटं गरमच असतं. म्हणून मँटल जॅकवर ठेवायचं आणि लगेच खाली घ्यायचं. दुसरं, परत तापवण्याआधी पोर्सिलेनचे नवे तुकडे टाका, तेही द्रावण गार असताना. जुन्या तुकड्यांच्या छिद्रांत द्रव शिरलेला असतो, ते आता काम करत नाहीत आणि फ्लास्क उसळतो.

चिकोडी_रोड

पाण्यातही डील्स-आल्डर होते असं वाचलं. मग झायलीन सुकवायचा एवढा खटाटोप कशाला?

टिळकवाडी_३

होते, आणि काही वेळा जास्त वेगाने होते. राइडआउट आणि ब्रेस्लो, १९८०: सायक्लोपेंटाडाईन आणि मेथिल व्हिनाइल कीटोन यांचा पाण्यातला वेग आयसोऑक्टेनमधल्या वेगाच्या सातशे पटींहून जास्त. तेलकट रेणू पाण्यापासून अंग चोरून एकमेकांना चिकटतात, आणि कार्बोनिलला पाण्याचे हायड्रोजन बंध थोडं लुइस आम्लासारखं काम करतात. पण मॅलेइक ॲनहायड्राइड पाण्यात टिकत नाही आणि अँथ्रासीन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ही जोडी पाण्यात नको. ९-अँथ्रासीनमेथॅनॉल आणि एन-मेथिलमॅलेइमाइड घ्या, पाण्यात उकळून दीड तासाच्या आत होते. मॅलेइमाइड महाग आहे, तेवढीच अडचण.

चिकोडी_रोड

शेवटचं एक. गाळल्यावर उरलेलं झायलीन सिंकमध्ये टाकायचं नाही हे कळलं, पण परत वापरता येईल का? आणि ॲडक्ट हवेत वाळवला तरी झायलीनचा वास जात नाही.

मार्कंडेय_काठ

वासाचं आधी. व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये कॅल्शियम क्लोराईडऐवजी मेणाचा कीस ठेवा, साध्या पॅराफिन मेणाचा. मेण झायलीन शोषून घेतं, कॅल्शियम क्लोराईड घेत नाही. रात्रभरात वास जातो आणि वजन स्थिर होतं. त्याआधी तोललेलं वजन वहीत लिहू नका, ओल्या झायलीनचं वजन धरून काहींचं उत्पादन १०५ टक्के निघतं.

झायलीन परत वापरता येतं. सगळ्या बॅचचं एकत्र करा, ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटबरोबर सेपरेटिंग फनेलमध्ये हलवा. उरलेलं ॲनहायड्राइड आणि आम्ल पाण्यात जातं, वायू सुटतो म्हणून कॉक पुन्हा पुन्हा उघडा. मग पाण्याने धुऊन, निर्जल कॅल्शियम क्लोराईडवर सुकवून, गाळून डिस्टिल करा. पहिला गढूळ भाग टाकाऊच्या डब्यात, आणि तळाशी पाव भाग उरला की थांबा, कारण त्यात अँथ्रासीन साठलेलं असतं. तो उरलेला भाग थंड झाल्यावर टॉर्चखाली धरला तर निळा चमकेल. तो हॅलोजन नसलेल्या सेंद्रिय टाकाऊच्या डब्यात जाऊ द्या. डायक्लोरोमीथेनचा डबा वेगळा ठेवा, दोन्ही एकात ओतू नका.